गच्चीची गळती आणि बिलाची गळती : सोसायटीची उन्हाळी कामं

सोसायटीच्या कमिटीवर असाल तर कॅलेंडरवर १५ मेला लाल पेनाने गोल करा. ३१ मेला नको. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. ज्यांच्या गच्च्या तेव्हा फोडून ठेवलेल्या होत्या, त्यांना त्या आठवड्याबद्दल विचारून पाहा.

आता १५ मेपासून उलटं मोजत या. मध्यम आकाराच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन ते चार आठवडे लागतात. त्याआधी वर्क ऑर्डर, त्याआधी सभा, त्याआधी कोटेशनं आणि सगळ्यात आधी पाहणी. म्हणजे पाहणी फेब्रुवारीत, सभा मार्चच्या मध्यापर्यंत आणि काम गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू. मे उजाडला की निम्मे गवंडी आणि रंगारी गावाला जातात आणि उरलेल्यांचे दर चढतात. सभासदही गावाला जातात, त्यामुळे सभेला माणसं जमत नाहीत.

आधी ठराव, मग परांची

कमिटी स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते? आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती-देखभालीच्या एका वेळच्या खर्चाची मर्यादा अशी : २५ सभासदांपर्यंत २५ हजार रुपये, २६ ते ५० सभासदांना ५० हजार, ५१ च्या पुढे १ लाख. त्यावरच्या प्रत्येक रुपयाला सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी हवी. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते कपाटातून काढून एकदा ताडून पाहा, कारण जुन्या उपविधींवर चालणाऱ्या सोसायट्या अजून बऱ्याच आहेत.

यातली नेहमीची पळवाट म्हणजे दीड लाखाच्या कामाची ४९ हजारांची तीन बिलं करणं. करू नका. एकाच ठेकेदाराची, एकाच महिन्यातली, लागोपाठच्या क्रमांकाची बिलं ऑडिटरला पहिल्याच नजरेत दिसतात आणि सही तुमची असते. कमिटी सदस्याच्या मेहुण्याला काम देण्याचा मोहही टाळा. सोसायटीच्या कंत्राटात कमिटी सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध उपविधींना चालत नाही, मग मेहुण्याचा दर कितीही स्वस्त असो.

विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते, वार्षिक सभेला चौदा दिवसांची. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरू नका. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा २० जण, यातली जी संख्या कमी असेल ती. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा त्याच दिवशी पुढे घेता येते, पण तहकूब सभेची वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली असावी लागते. ही एक ओळ विसरल्यामुळे सभा आठवडाभर पुढे ढकलावी लागते आणि उन्हाळ्यात एक आठवडा म्हणजे फार झालं.

ठरावात चार गोष्टी असू द्या : नेमकं कोणतं काम, जीएसटी धरून खर्चाची कमाल मर्यादा, पैसे कोणत्या निधीतून आणि जास्तीच्या कामाला मंजुरी कोण देणार. चौथी गोष्ट गाळलीत तर काम चालू असताना ठेकेदार रोज एक नवी तडकलेली भिंत दाखवेल आणि सेक्रेटरी जिन्यात उभ्या उभ्या ‘करून टाका’ म्हणून मोकळे होतील.

पैसे कोणत्या खिशातून

दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरायची नाही. समजा, एका सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख आहे. दुरुस्ती निधी झाला वर्षाला १५ हजार, महिन्याला १,२५० रुपये. चाळीस सदनिका असतील तर वर्षाला ६ लाख जमतात. आता जुनी इमारत घ्या. १९९० च्या आसपासचा बांधकाम खर्च सदनिकेला २ लाख धरला आणि तोच आकडा आजवर चालू ठेवला, तर महिन्याला १२५ रुपये, म्हणजे चाळीस घरांचे मिळून वर्षाला ६० हजार. त्यात गच्चीचा एक कोपराही होत नाही. ०.७५ हा किमान दर आहे. सभा तो वाढवू शकते. निधी रिकामा असेल तर यंदाच्या वर्गणीबरोबर हा ठरावही मांडा, नाहीतर दर तीन वर्षांनी घरटी वीस-पंचवीस हजारांची वर्गणी आणि तेच भांडण ठरलेलं.

सिंकिंग फंडातून रंगकाम करू नका. तो पुनर्बांधणीसाठी, इमारत मजबूत करणाऱ्या संरचनात्मक कामासाठी आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. त्यालाही सभेचा ठराव हवा. ‘एफडी मोडू, नंतर भरू’ असं कोणी म्हणालं तर ‘नंतर’ची तारीख लिहून मागा.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. यंदा पाळी असेल तर तेच पहिलं काम, गच्ची त्यानंतर. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना महापालिका कायद्यानेच ते बंधनकारक आहे आणि अभियंता महापालिकेकडे नोंदणीकृत असावा लागतो. फी विचारताना एकच प्रश्न विचारा : चाचण्या धरून की सोडून? स्वस्त कोटेशन बहुधा नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीचं असतं. हॅमर, अल्ट्रासॉनिक, काँक्रीटचा नमुना काढून दाबून पाहणं, या सगळ्यांचं बिल नंतर वेगळं येतं. प्रत्येक चाचणी किती ठिकाणी होणार तेही लिहून घ्या.

गच्ची : इथेच सगळा पैसा

आधी जबाबदारी कोणाची ते स्पष्ट करा. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीनेच करून द्यायचा. वरच्या घराच्या संडास-बाथरूममधून खालच्या घरात पाणी येत असेल तर तो त्या सभासदाचा खर्च. बैठकीतले निम्मे वाद एवढ्यावर मिटतात. उरलेले निम्मे पार्किंगचे, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

दर काय? मुंबई, ठाणे, पुणे भागात साध्या ॲक्रिलिक कोटिंगला चौरस फुटाला साधारण ३५ ते ७० रुपये, मेम्ब्रेनला ९० ते १५० आणि नव्या ब्रिकबॅट कोब्याला १३० ते २२० रुपये धरा. हे ढोबळ आकडे फक्त तुलनेसाठी आहेत. मजले, वाहतूक आणि माल यांवर ते हलतात. ४,००० चौरस फुटांची गच्ची १८० रुपयांनी ७ लाख २० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी १ लाख २९ हजार ६००. झाले जवळजवळ साडेआठ लाख. आणि बिलातली गळती इथून पुढे सुरू होते.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत पाहा : जुना कोबा फोडणं वेगळं, राडारोडा उचलणं ट्रकमागे वेगळं, माल वर चढवणं वेगळं, कठड्याच्या आतल्या बाजूचा गिलावा रनिंग फुटाने वेगळा, टाकीखालची जागा ‘प्रत्यक्ष मोजणीनुसार’, वीज आणि पाणी सोसायटीचं. तीन कोटेशनांत सगळ्यात स्वस्त दिसणारं बहुतेक वेळा सगळ्यात जास्त गोष्टी वगळणारं असतं. म्हणून कोटेशनं मागवायच्या आधी कामाची एकच यादी तुम्ही तयार करा आणि तिन्ही ठेकेदारांना तीच भरायला द्या. रिकामी जागा कोणीही ठेवायची नाही. शून्य रुपये असतील तर शून्य लिहायचं.

मोजणी स्वतः करा. टेप घ्या, सभासदांमधला एखादा निवृत्त इंजिनिअर गाठा (प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो आणि त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो रागावलेला असतो), दोघं मिळून तासाभरात होतं. कठड्याचा उभा भाग चौरस फुटांत धरला की रनिंग फुटांत, ते ठरवा. दोन्हीकडे धरला तर तुम्ही एकाच कामाचे दोनदा पैसे देता.

आता सगळ्यात महागात पडणारी स्वस्ताई. ‘जुनं फोडायला नको, त्यावरच नवा कोबा घालू, राडारोडा वाचेल.’ चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला जवळजवळ १९ किलो भरतं. ४,००० चौरस फुटांवर ते सुमारे पाऊणशे टन होतं. जुन्या इमारतीच्या डोक्यावर एवढं ओझं चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. तो नाही म्हणाला तर जुना कोबा फोडा किंवा हलक्या कोटिंगवर भागवा. ठेकेदाराच्या ‘काही होत नाही साहेब’ला लेखी मत म्हणत नाहीत.

काम झाल्यावर पन्हळींची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी किमान ४८ तास उभं ठेवा आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत पाहा. वरच्या उदाहरणातल्या गच्चीच्या हिशोबाने हे साधारण १९ हजार लिटर पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. शिवाय सिमेंटच्या कामाला रोज पाणी मारायचं असतं, तेही ऐन एप्रिलमध्ये. हे पाणी कोणाच्या खर्चाने, ते वर्क ऑर्डरमध्ये लिहा. लिहिलं नाही तर चाचणी होत नाही आणि पाणीही नीट मारलं जात नाही. मग भेगा आणि त्यांच्यावर पुन्हा कोटिंग.

पैसे टप्प्याने द्या. माल आवारात उतरल्यावर १० टक्के, मग झालेल्या मोजणीप्रमाणे, आणि प्रत्येक बिलातून १० टक्के राखून ठेवा. राखीव रकमेतली निम्मी काम पूर्ण झाल्यावर द्या, निम्मी पावसाळा संपल्यावर. हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घ्या, ठेकेदाराच्या लेटरहेडवर नको. रसायनाच्या कंपनीची वॉरंटी वेगळी मागा, मालाच्या बिलांच्या प्रती आणि डब्यांवरचे बॅच क्रमांक त्याला जोडा. आमच्या सोसायटीने एकदा दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात लेटरहेड शाबूत होतं, त्यावरचा फोन मात्र लागत नव्हता.

कामगार वर चढण्याआधी ठेकेदाराच्या कामगार नुकसानभरपाई विम्याची प्रत घ्या. मुदत तपासा आणि किती कामगार त्यात धरले आहेत तेही पाहा. परांचीऐवजी दोरीवरून लटकून रंग देण्याचं कोटेशन स्वस्त येतं, तिथे हा कागद दुप्पट महत्त्वाचा. रंग मात्र सगळ्यात शेवटी. भिंतींच्या भेगा, पाइपांचे सांधे आणि खिडक्यांवरचे छज्जे झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू देऊ नका. भेगेवर मारलेला रंग एका पावसापुरता टिकतो.

टाक्या आणि टँकर

तळघरातली आणि वरची, दोन्ही टाक्या वर्षातून दोनदा धुवा. त्यातली एक वेळ एप्रिलमध्ये येऊ द्या. दर टाकीच्या क्षमतेवर ठरतो. गाळ उपसणं, प्रेशरने धुणं, निर्जंतुकीकरण, सगळं त्यात धरलं आहे का ते विचारा. गाळ उचलून नेण्याचे पैसे नंतर मागतात. पाणी आदल्या रात्रीपासून वापरून तळाला आणा, भरलेली टाकी गटारात सोडू नका. वॉचमनला आणि नाक्यावरच्या पोरांना बादली-झाडू देऊन आत उतरवू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, माणूस गुदमरायला काही मिनिटं पुरतात.

सेप्टिक टँकची गोष्ट याहून गंभीर. सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम देणारे म्हणून नाव तुमचं लागतं. सक्शनची गाडीच बोलवा. दर खेपेचा असतो, म्हणून गाडीची क्षमता आधी विचारा. लहान गाडी आणून तीन खेपा लावणं ही जुनी युक्ती आहे.

टँकरकडे वळण्याआधी एक रात्र जागा. रात्री एक वाजता टाकीत येणारं पाणी बंद करा, पातळी मोजा, चारला पुन्हा मोजा. सगळं गाव झोपलेलं असताना पातळी लक्षात येण्याइतकी उतरली असेल तर कुठेतरी फ्लश किंवा पाइप गळतो आहे. प्लंबरचे हजार-दोन हजार रुपये हंगामातले कितीतरी टँकर वाचवतात.

हिशोब असा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण आहे. चाळीस घरं, घरात चार माणसं, म्हणजे रोज २१,६०० लिटर. नळाला निम्मंच पाणी येत असेल तर रोज दहा हजारांचा एक टँकर लागणार. टँकर १,८०० रुपयांना पडतो असं धरलं तर महिन्याला ५४ हजार, दोन महिन्यांचे लाखाच्या वर. हा आकडा मार्चच्या सभेतच सांगून टाका, मेच्या बिलात तो प्रथमच दिसू नये. उपविधींनुसार पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटतात, सरसकट घरटी नाही. दर मार्चमध्येच संपूर्ण हंगामासाठी लेखी ठरवा. रात्रीचा दर, सुट्टीचा दर आणि जास्त लांबीच्या पाइपचे पैसे असं काही निघत असेल तर आत्ताच निघू द्या.

टँकर पूर्ण भरलेला आला का? टाकीतल्या पातळीवरून कळतं. तळाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर असेल तर १० हजार लिटरने पाणी ८३ सेंटीमीटर चढायला हवं. आतल्या भिंतीवर तेवढ्या अंतराने रंगाच्या दोन रेघा मारून ठेवा आणि वॉचमनला वहीत आधीची व नंतरची पातळी, गाडी क्रमांक आणि वेळ लिहायला लावा. पहिल्या आठवड्यातच ड्रायव्हरला कळतं की इथे मोजतात. क्लोरीन तपासायचं साधं किटही जवळ ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं होतं. टाक्यांची झाकणं घट्ट आणि डास शिरणार नाहीत अशी हवीत. मुंबईत महापालिकेचा कीटकनाशक विभाग तपासायला येतो आणि उघड्या टाकीसाठी कारवाई करतो.

बाकीची कामं, थोडक्यात

झाडं : आवारातलं झाड तुमचं असलं तरी फांद्या छाटायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शहरी भागासाठी हा कायदा १९७५ पासून आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज, सोसायटीचं पत्र, झाडाचे फोटो आणि जागेचा साधा नकाशा द्या. अर्ज मार्चमध्येच टाका, मेमध्ये सगळं शहर त्याच टेबलासमोर उभं असतं. ‘परवानगी आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या फांदीवाल्याला गेटवरूनच परत पाठवा. पाचोळा आणि लाकूड कोण नेणार ते आधी ठरवा.

लिफ्ट : पावसाळ्यात खालच्या खड्ड्यात पाणी साचतं. खड्डा सुकवून घ्या, पंप चालतो का पाहा. वार्षिक करार ‘सर्वसमावेशक’ असला तरी वगळलेल्या भागांची यादी वाचा. दोर, इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि बॅकअपची बॅटरी बहुतेकदा त्याच यादीत असतात. लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा, तळमजल्यावाल्यांनाही सूट नाही.

आग : परवानाधारक एजन्सीचं ‘बी फॉर्म’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. जुलैचं काम मेमध्येच करून घ्या. पावसात पाइपांची चाचणी कोणी मनापासून करत नाही.

कर : ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षात मिळून १ लाखाच्या वर पैसे देत असाल तर टीडीएस कापा. व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी वा भागीदारी असेल तर २ टक्के. त्यासाठी सोसायटीचा टॅन क्रमांक लागतो. ‘जीएसटी नको, रोख द्या, १८ टक्के वाचवा’ ही ऑफर आली तर लक्षात ठेवा, बिलाशिवाय हमीपत्राला अर्थ नाही आणि ऑडिटमध्ये खर्च दाखवता येत नाही. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि सभासदाचं मासिक देणं ७,५०० च्या पुढे जात असेल तर त्याच्यावरही जीएसटी लागतो. म्हणून मोठी वर्गणी बिलात टाकण्याआधी सीएला फोन करा.

१५ मेच्या संध्याकाळी टॉर्च घेऊन एक फेरी मारा. पन्हळींच्या जाळ्या बसवल्या का, रेनवॉटरच्या फिल्टरमधली वाळू बदलली का, गटारांची झाकणं जागेवर आहेत का, मीटरच्या खोलीत पाणी शिरायची वाट बंद आहे का. सगळ्याचे तारखेसह फोटो काढून ठेवा, राखून ठेवलेली रक्कम देताना तेच कामाला येतात. आणि गच्चीच्या कुलुपाच्या दोन किल्ल्या करा. एक सेक्रेटरींकडे, एक वॉचमनकडे. पहिला पाऊस बहुतेक रात्रीच येतो आणि तेव्हा सेक्रेटरी गावाला असतात.